ओटी घेऊन तानसाला

वाळलेल्या गवताला वास असतो हे माझ्या नातीला पटत नाही. आसनगाव मागे पडल्यावर मी तिला गाडीची काच खाली करायला लावली, तर म्हणते, "आजी, धूळ येईल." येऊ दे म्हटलं. धूळ आली, ट्रकांचा धूर आला, आणि त्या दोघांच्या मागून तो वासही आला. मी डोळे मिटून घेतले. नातीला वाटलं, म्हातारीला गाडी लागली.

"थंडीतला शनिवार-रविवार, मुंबईपासून दोन तास, आणि स्वस्तात मस्त," असं सांगून तिनं मला घराबाहेर काढलं होतं. मनात म्हटलं, पोरी, तू मला शिकवतेस होय! ह्या रस्त्यानं थंडीतले शनिवार-रविवार मी तुझ्या आईच्या जन्माआधी काढलेत. आणि तेही फुकट, गवताच्या रिकाम्या लॉरीत बसून.

तेव्हाच्या मुंबईत घोडे होते, हे आता सांगावं लागतं. व्हिक्टोरियाचे घोडे, मालगाड्यांचे बैल, तबेल्यातल्या म्हशी. ह्या सगळ्यांचं पोट शहापूर-मुरबाडच्या माळांवर पिकायचं. दिवाळी झाली की गवत कापणीला यायचं. वखारीत ते दाबून, तारेनं आवळून त्याचे गठ्ठे बांधायचे आणि लॉरीनं मुंबईला धाडायचे. गिरगावात आमच्या चाळीच्या तळमजल्यावर भिवामामा राहायचा. तो किन्हवलीकडचा, शहापूर आणि मुरबाड ह्यांच्या मधल्या एका गावचा, आणि गवताची लॉरी चालवायचा. आईला तो भाऊबीजेला ओवाळणी घालायचा, म्हणून मामा. शनिवारी दुपारी त्याची लॉरी रिकामी परत जायची आणि रविवारी संध्याकाळी भरून यायची. रिकाम्या लॉरीला चार माणसांचं ओझं ते काय! अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शनिवारी अर्धा दिवस कचेरी असायची. दोन वाजता आम्ही गोणपाटं अंथरून मागे बसायचो, आणि शीव, ठाणं, भिवंडी, पडघा असं करत आग्रा रोडनं निघायचो. फळ्यांच्या फटीतून रस्ता मागे पळताना दिसायचा. पडघ्याच्या पुढे वारा कानात शिरायला लागला की आई पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचायची आणि मलाही शालीत बोचक्यागत बांधून टाकायची.

पण आई काही हवा खायला निघाली नव्हती. ती निघाली होती तानसाची, म्हणजे चाळीच्या नळाला पाणी पुरवणाऱ्या तलावाची, ओटी भरायला.

हे नीट सांगते. आमच्यात बाळंतीण महिन्याभरानं पाणवठ्यावर जाते, विहिरीला हळदकुंकू वाहते, ओटी भरते, आणि मगच घागरीला हात लावते. चाळीत कुठली विहीर! चाळीत नळ. तेव्हा चाळीतल्या बायका नळालाच हळदकुंकू लावायच्या. पितळी तोटीला दोन बोटं ओढायची, खाली मोरीत चार तांदूळ टाकायचे, झालं. पाणी आलं की कुंकू आधी वाहून जायचं. माझ्या पाठीवर आईला दोन मुलं झाली, दोन्ही वेळा तिनं अशी नळाची पूजा केली, आणि दोन्ही मुलं वर्षाच्या आत गेली. मग बाळू झाला. महिना भरला तशी शेजारीण हळदकुंकवाचं तबक घेऊन आली, तर आईनं तिला उंबऱ्यातूनच परत लावलं.

"नळ म्हणजे दार झालं हो," आई म्हणाली. "दोनदा मी दाराला कुंकू लावून परत आले. घरात कोण आहे, विचारलंसुद्धा नाही. ह्या वेळी घरात जाणार."

"अगं, तानसा काय कोपऱ्यावर आहे?" अण्णा म्हणाले.

"नसू दे. पाणी तिथून इथं येतं, मी इथून तिथं जाईन."

माझी आई एकदा बोलली की बोलली. नळावर भल्या भल्या बायका तिला वचकून असत. ती कुणाची घागर आधी लावू द्यायची नाही आणि स्वतःही कधी रांग मोडायची नाही. बाळूसाठी तिनं खणाचा कपडा, नारळ, शेरभर तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं एका पंच्यात बांधलं आणि ते गाठोडं देवाच्या फळीवर ठेवलं. ओटी भरेपर्यंत गाठ सोडायची नाही, असं तिनंच ठरवलं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि त्या गाठोड्यात बाळूचा जीव बांधून ठेवलाय असंच मला वाटायचं. झुरळ जरी त्याच्यावरून गेलं तरी मी केरसुणी घेऊन धावायची.

पहिल्या थंडीत आम्ही चौघं गेलो. अण्णांनी बरोबर पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या होत्या, उकळून, गाळून, बुचं लावून. गावाकडचं पाणी बाधतं, बाळ लहान आहे, असं त्यांचं म्हणणं. आसनगावजवळ वखारीत लॉरी थांबली, अण्णांनी बाटल्या एकेक करून उतरवल्या, आणि भिवामामानं कपाळाला हात लावला.

"काय ओ अण्णा, हितलंच पानी मुंबईला जातं, आन् तुमी त्याला शिजवून परत हितं आनलंत? लेक माहेराला आनल्यावानी!"

वखारीतल्या सगळ्या बायका खदखदा हसल्या. अण्णा कानापर्यंत लाल झाले. पण बाटली सोडतील तर शपथ! दोन दिवस ते तेच पाणी प्याले.

त्या वखारीचा वास अजून माझ्या नाकात आहे. कापून वाळलेलं गवत, त्यात तापलेल्या तारेचा, घामाचा, बिडीचा वास. गठ्ठे दाबायच्या यंत्राच्या दांड्याला चार माणसं लोंबकळायची आणि एका सुरात "हैश्या" म्हणायची. बायका पुळे, म्हणजे गवताच्या लहान पेंढ्या, बांधून बांधून डोंगर रचायच्या. अंगभर कुसळं टोचायची, आणि मला तर ती घरी नेऊन ठेवावीशी वाटायची. रात्री मामाच्या घरी मुक्काम. नव्या तांदळाची भाकरी, चुलीत भाजलेल्या वालाच्या शेंगा, आणि पेंढ्यावर घोंगडी. पेंढ्यात पाय खुपसले की आत भट्टीसारखी ऊब. मामाची बायको सकाळी माझ्या केसांतून पेंढा वेचायची आणि म्हणायची, "बामनाची पोर म्हशीच्या दावनीतून उटली गो!"

रविवारी मामानं एक बैलगाडी ठरवून दिली. गाडीवाल्याला सांगितलं, ह्यांना मुंबईचं पाणी दाखव. त्यानं मान डोलावली. रानातून दीड-दोन तास आम्ही हाडं खिळखिळी करून घेत होतो. बाळू आईच्या मांडीवर आणि ओटीचं गाठोडं माझ्या मांडीवर. शेवटी झाडी सरली आणि गाडीवाल्यानं कासरा ओढला. "ह्यो बगा, मुंबईचं पानी."

समोर लोखंडी नळ. माणूस उभा राहून आत चालेल एवढा, काळाकभिन्न, ह्या टेकडीतून त्या टेकडीकडे गेलेला. कान लावला तर आत घरघर ऐकू यायची.

आई गाडीतून उतरली. त्याच्याकडे वर-खाली बघितलं. कमरेवर हात ठेवला.

"हा तर थोरला नळच की हो!"

"मंग? मुंबईचं पानी ह्याच्यातनंच जातं ना, बाय?"

त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण आईला हसावं की रडावं कळेना. अण्णा म्हणाले, "इतकी आलीस तर इथेच भर ओटी. पाणी तेच आहे." आईनं माझ्या मांडीवरचं गाठोडं उचललं, उराशी धरलं, आणि गाडीत चढून बसली. "दाराला कुंकू लावून झालंय माझं," एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर बाळूनं मूठभर गवत तोंडात घातलं म्हणून तिनं मला एक धपाटा घातला.

दुसऱ्या थंडीला अण्णा आले नाहीत. लढाई चालू झाली होती, आणि कचेरीत रविवारीही बोलावणं असायचं. आई, मी आणि वर्ष-दीड वर्षाचा बाळू. ह्या वेळी मामा स्वतः बैलगाडीवर बसला आणि थेट धरणाच्या रस्त्याला लागला. तिथं नाक्यावर पहारा. परवाना दाखवल्याशिवाय कुणी पाण्याजवळ जायचं नाही, लढाईचे दिवस आहेत, असं पहारेकरी म्हणाला. सभ्य माणूस होता. आईनं त्याला गाठोडं सोडून दाखवायची तयारी केली. "ह्यात काय बाँब आहे का रे भाऊ? नारळ आहे नारळ!" तो म्हणाला, "आई, माझी नोकरी जाईल." तिथं आई मऊ पडली. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायची तिची रीत नव्हती.

परत वखारीत आलो तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. बाळू भुकेनं रडत होता. गवताचे पुळे बांधणाऱ्या बायकांतली एक उठली, हात लुगड्याला पुसले आणि सरळ बाळूला उचलून घेतलं. ती हिरूबाई. ठाकरवाडीतली, काळी, उंच, गुडघ्यापर्यंत कासोटा, गळ्यात मण्यांच्या चार-पाच माळा. बाळूनं एक माळ दोन्ही मुठींनी धरली आणि रडायचं थांबला. सोडीचना.

"कुटं गेली व्हतीस?" हिरूबाईनं आईला विचारलं. आईनं सांगितलं. सगळं सांगितलं, आधीची दोन मुलंसुद्धा.

"नाक्यावर कशाला जायाचं? आमच्या वाडीखालनं पानी दिसतं. तिकडं पहारा नाय, कुत्रं पन नाय. पन चढ हाय, आन् तुज्यासंग पोर. आज लॉरी जाईल तुजी." तिनं बाळूच्या मुठीतून माळ सोडवली नाही, आपल्या गळ्यातून काढली आणि त्याच्याच हातात राहू दिली. "फुडच्या थंडीला ये. सकाळच्यानं ये. पोराला मी घेईन खांद्यावर."

परतताना आम्ही गठ्ठ्यांच्या वर बसलो होतो. खाली लॉरी हेलकावे खात होती आणि मावळतीला माहुलीचे सुळके तांबडे झाले होते. आई बाळूला म्हणाली, "बघ हं, पुढच्या थंडीला मावशीच्या खांद्यावर बसून जायचं." बाळूनं माळ चोखून चोखून ओली केली होती. इतकी खूश आई मी आधी पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही.

नात आता विचारते आहे, "आजी, जेवायला थांबायचं का? इथे पाण्याच्या काठी एक छान जागा आहे." काठी म्हणे! थांबलो, तर पाण्याच्या काठाला आता कुंपण, झोपाळे आणि दिव्यांच्या माळा. वखार होती तिथं काय आहे ते मला ओळखूसुद्धा आलं नाही. घोडे गेले, लॉरी गेली, आणि मामा तर कधीचाच गेला. मला नातीचा राग नाही. माणसानं यावं, दोन दिवस मोकळा वारा खावा, लेकराबाळांनी पेंढ्यात लोळावं. आम्हीही लोळलोच. पण "किती छान पाणी!" असं ती म्हणाली तेव्हा मला पुढची थंडी आठवली, आणि हातातला घास मी ताटात परत ठेवला.

पुढच्या थंडीला बाळू नव्हता. श्रावणात ताप आला, आठ दिवस राहिला आणि त्याला घेऊन गेला. त्याहून जास्त मला सांगता येणार नाही. आईनं रडायचं ते त्याच दिवशी रडून घेतलं, आणि मग तिनं त्याचं नाव घ्यायचंच सोडलं. गाठोडं देवाच्या फळीवर तसंच होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळायची.

मार्गशीर्षात एका शुक्रवारी तिनं ते खाली काढलं. गाठ न सोडता हलवून पाहिलं, आतला नारळ नासला होता. बरोबर वेगळा न्यायला दुसरा आणायला मला पिटाळलं. अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "आता कशाला? ज्याच्यासाठी जायचं तो..."

"ज्याच्यासाठी जायचं होतं तो गेला," आई म्हणाली. "जायचं राहिलंय."

शनिवारी आम्ही दोघीच निघालो.

त्या दिवसांत बाँबच्या भीतीनं लोक मुंबई सोडून चालले होते. शेजारणींना वाटलं, आम्हीही पळतोय. पेट्रोलची टंचाई, म्हणून मामाच्या लॉरीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली. कोळशाच्या गॅसवर ती कशीबशी चालायची. चढ आला की मामा ओरडायचा, "उतरा!" आणि आम्ही उतरून ढकलायचो. आईसुद्धा. पदर खोचून, दात-ओठ खाऊन ती ढकलत होती. मामा खिडकीतून म्हणाला, "बाय, तू ऱ्हाऊ दे गो." ती म्हणाली, "तू पुढे बघ." वाशिंदच्या पुढं एका चढावर ढकलता ढकलता ती मला एकदम म्हणाली, "मी ओटी भरायला नाही चाललेय. विचारायला चाललेय. तिसरं पण का नेलंस, ते तोंडावर विचारणार आहे." मला भीतीच वाटली. नळावर ती कशी भांडते ते मी पाहिलं होतं.

सकाळी वखारीत हिरूबाई भेटली. आम्हाला बघून हसत पुढे आली. आईच्या मागे बघितलं, लॉरीकडे बघितलं, मग आईच्या रिकाम्या हातांकडे. विळा गवतात खोचून ठेवला, माझ्या हातातलं गाठोडं घेऊन आपल्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली, "चल."

वाट चढाची होती. पायाखाली सागाची पानं चुरचुर वाजत होती. मोहाच्या झाडाखाली थांबलो, वाडीत थांबलो, तिथं कुणी नाचणीची आंबील दिली. मग उतार लागला, झाडं विरळ झाली, आणि समोर पाणी.

बाप रे, केवढं पाणी! डोंगरांच्या मांड्यांमध्ये पसरलेलं, निळं, गप्प. ना तोटी, ना नळ, ना रांग. कडेच्या ओल्या मातीत हरणांचे खूर उमटलेले. एक पाणकोंबडी पंख आपटत गेली. आई काठाशी जाऊन उभी राहिली. मी वाट बघत होते, आता हिचा आवाज चढेल. तिनं तोंड उघडलंही. पण मग नुसतीच उभी राहिली. एवढ्या मोठ्या पाण्याशी भांडायचं तरी कुठल्या टोकाला धरून? बऱ्याच वेळानं ती खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. दोन वर्षांची गाठ, सुटता सुटेना. दातांनी सोडवली.

"ती पलाडची काळी खडपं दिसतात ना," हिरूबाई शेजारी उकिडवी बसत म्हणाली, "त्याच्या खाली माज्या सासूचं घर हाय. सासू तरनी व्हती तवा पानी आलं. वरती वाडीत आले समदे. म्हातारी झाली तरी हितं येऊन बसायची, आन् सांगायची, हितं चूल, हितं जातं, हितं माजं लेकरू पुरलंय. जलमलं तवाच गेलेलं."

आईचे हात थांबले.

"पाण्यात?" तिनं विचारलं.

"पानी मागनं आलं. लेकरू आदी."

आईनं त्या काळ्या खडकांकडे बघितलं. मग तिनं पंचा उचलला, पाण्याकडे पाठ केली आणि हिरूबाईच्या समोर बसली.

"पदर पसरा."

"मला? मला कशाला गो? पान्याला आनलंय ना तू?"

"घर तुमचं. आमच्या घरात येतं ते पाणी तुमच्या चुलीवरून येतं. पसरा पदर."

हिरूबाईनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तशी तिनं आखूड लुगड्याचा पदर पुढं धरला. आईनं कुंकू लावलं, खण ठेवला, नवा नारळ ठेवला, ओंजळी ओंजळीनं तांदूळ घातले. एक दाणा बाहेर सांडला नाही. हिरूबाई उठली. ओटी एका हातानं सावरत घोटाभर पाण्यात गेली, मूठभर तांदूळ घेतले आणि खडकांच्या दिशेनं फेकले. जेवायला हाक मारतात तशी मोठ्यानं सासूला हाक मारली, "आत्या, घे गो! आन् तुज्या लेकराला पन दे!"

मग दुसरी मूठ भरली आणि वळली.

"तुज्या पोराचं नाव काय व्हतं?"

चार महिने ते नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं. मला वाटलं, मीच सांगावं. पण आई उठली, चपला काढल्या, आणि लुगडं भिजवत पाण्यात हिरूबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाळू," ती म्हणाली. "पाळण्यातलं वसंत."

"मंग मार हाक. त्याला माजी हाक वळखू येनार नाय."

आईनं हिरूबाईच्या मुठीतले तांदूळ आपल्या मुठीत घेतले. आणि माझी आई, जिच्या आवाजाला सबंध चाळ वचकून होती, ती पोटातून ओरडली, "वसंताऽऽ! बाळूऽऽ! घे रे राजा!"

पलीकडच्या डोंगरातून आवाज परत आला. आई पुन्हा ओरडली. मग हिरूबाई ओरडली. मग मीही पाण्यात शिरले आणि ओरडले. तांदूळ संपेपर्यंत आम्ही तिघी त्याला जेवायला बोलवत होतो.